शिकवणारे हात आपल्या गावातच आहेत

कळंबकरांनो, यंदाही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरेल. लाकडी नंदी सजवून मुलं रांगेत उभी राहतील, बक्षिसं वाटली जातील, फोटो निघतील. या उत्सवाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या नंदीची मान लाकडातून कशी काढतात, शिंगं कशी बसवतात, चाक डगमगू नये म्हणून कणा कसा घालतात, हे आपल्या किती मुलांनी सुताराशेजारी बसून पाहिलं आहे? किती जणांनी पटाशी हातात धरली आहे? नंदी उद्याही बाजारात मिळेल. तो घडवणारा माणूस आपल्या गावात राहील की नाही, हे मात्र आज आपण काय करतो त्यावर ठरणार आहे.

कळंब आणि आसपासच्या गावांत शिकण्यासारखं काय आहे, ते एकदा नीट पाहा. बुरूड हिरवा बांबू हातात घेतो तेव्हा त्याची पेरं, त्याचं वय आणि ओल पाहूनच त्यातून किती बारीक कामटी निघेल हे ओळखतो. कोवळा बांबू वाळला की आकसतो आणि त्याला कीड लवकर लागते. फार जून झालेला बांबू वाकवताना तुटतो. कुंभाराला ठाऊक असतं की आपली काळी माती सुकताना तडकते, म्हणून तिच्यात राख आणि लीद किती मिसळायची याचा अंदाज त्याच्या बोटांतच असतो. तांड्यावरची आजी कापडावर आरसे आणि कवड्या टाचते, तेव्हा समोर कसलाही छापील नमुना नसतो. पोडावरचे कोलाम पिढ्यानपिढ्या बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणत आले आहेत. शासन ज्यांची विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंद करतं, त्या राज्यातल्या तीन जमातींपैकी कोलाम एक. त्यांच्या जगण्याबरोबर त्यांच्या हातातलं कसबही जपायला हवं.

ही विद्या घरातच शिकली जायची. बापाशेजारी पोरगं बसायचं, आधी कामट्या साफ करायचं, मग सोपी वीण, मग कठीण. आता प्लास्टिकच्या टोपल्यांनी आणि पत्र्याच्या सुपांनी गिऱ्हाईक नेलं. चांगला बांबू मिळवणं कठीण झालं. पोटापुरतंही सुटत नाही म्हटल्यावर बापच पोराला दुसरं काम शोधायला सांगतो. त्याला दोष कसा देणार? घरातली ही शाळा बंद पडत असेल तर ती गावाने चालवायला हवी. स्थानिक कलावंतांनी स्वतः शिकवलेल्या, प्रत्यक्ष हाताने काम करायच्या कार्यशाळांचा मी आग्रह धरतो तो याचसाठी.

कार्यशाळा म्हणजे काय, हेही स्पष्ट असावं. पाहुण्यांचे सत्कार, अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक आणि शेवटी चहा, एवढ्याने कोणी काही शिकत नाही. मुलं दहा-पंधराच असावीत. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं साहित्य हवं. काम निदान आठ-दहा दिवस सलग चालावं, कारण पहिले दोन दिवस वीण सुटण्यातच जातात आणि ती का सुटली हे कळलं की खरं शिक्षण सुरू होतं. शेवटी मुलाने स्वतः केलेली वस्तू घरी न्यावी. आणि शिकवणाऱ्याला गुरुजी म्हणून बोलवावं, त्याचा दिवस बुडतो त्याचं मानधन रोख द्यावं. फक्त शाल-श्रीफळावर त्याची बोळवण करू नये.

हे सारं अशक्य वाटत असेल तर आपल्या शेजारी पाहा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे ठेवला. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी नई तालीमची शाळा चालवून तो प्रत्यक्षात आणला. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय उघडलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब लोहमार्गाचं उद्घाटन झालं, त्यामुळे ते वर्धा आता आपल्याला आणखी जवळ आलं आहे. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि तिथल्या आदिवासी तरुणांच्या हाती बांबूचं काम दिलं. तिकडे कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडून चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा राखली, ती पुढच्या पिढीला शिकवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणखी एक उदाहरण परधानांचं आहे. गोंडांच्या कथा आणि वंशावळी बाणा वाजवत गाणारा हा समाज. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या मंडळींच्या नजरेस पडला आणि भोपाळच्या भारत भवनात पोचला. भिंतीवरचे आणि कथांमधले देव त्याने कागदावर आणले. त्याच्या हाताखाली नातलग शिकले, त्यांच्या हाताखाली आणखी शिकले, आणि एका खेड्यातली चित्रं जगभर गेली. परधान आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही राहतात. त्यांच्या म्हाताऱ्यांजवळच्या कथा ऐकायला आणि मुलांच्या हातात रंग द्यायला आपण किती वेळ काढला?

कायद्याची आणि धोरणाची साथही आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर कला आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० म्हणतं की याच वयाच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, कुंभार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे असे अठरा व्यवसाय आहेत आणि प्रशिक्षण घेणाऱ्या कारागिराला दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळतं. कारागिराला शिकायला शासन बोलावतं, ही चांगली गोष्ट आहे. त्याला शिकवायला बोलावण्याचं काम आपलं आहे.

म्हणून प्रत्येकाकडे एक स्पष्ट मागणं आहे. मुख्याध्यापकांनो, दप्तराविना दहा दिवस कागदावर भरू नका. ते बुरुडाच्या, कुंभाराच्या, सुताराच्या हवाली करा. नगरपंचायतीने दरवर्षीच्या अंदाजपत्रकात मानधन आणि साहित्यासाठी रक्कम धरावी आणि एक सभागृह ठरावीक दिवशी मोकळं ठेवावं. श्री चिंतामणीच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक कळंबला येतात. देवस्थानाने आवारात मातीचे गणपती घडवायला जागा द्यावी आणि मुलांच्या हातच्या वस्तू तिथे विक्रीला मांडू द्याव्यात. गणेश मंडळांनी वर्गणीतला थोडा भाग कुंभाराच्या मानधनासाठी काढावा. वन विभागाने कार्यशाळेपुरता हिरवा बांबू वेळेवर मिळवून द्यावा. पालकांनो, शिकवणीचा एक तास कमी झाला तरी चालेल, पण मुलाचे हात मातीने माखू द्या. आणि कारागीर बंधू-भगिनींनो, आपली विद्या हलकी समजू नका. जातीपुरती, घरापुरती राहिलेली ही विद्या साऱ्या गावच्या मुलांना द्या, मुलींनाही द्या.

आपलं पंचांग यासाठी सोयीचं आहे. पोळ्याआधी लाकडी नंदी आणि मातीचे बैल, लगेच पुढे गणपती, कोजागिरीला भुलाबाई, दिवाळीला बांबूचा आकाशकंदील, उन्हाळ्याच्या सुटीत टोपली, सूप, भरतकाम आणि भिंतीवरची चित्रं. वर्षात पाच वेळा गाव एकत्र बसलं तरी पुरे.

सुरुवात याच पोळ्यापासून करा. तुमच्या वॉर्डातला, तुमच्या गावातला एक कारागीर शोधा, त्याच्या घरी जाऊन आदराने विचारा, दहा मुलं गोळा करा आणि पुढच्या रविवारी कामाला बसा. मंजुरीची वाट पाहू नका. यंदाच्या तान्ह्या पोळ्यात निदान दहा नंदी तरी मुलांनी स्वतःच्या हाताने घडवलेले असतील, एवढा निर्धार कळंबने आज करावा.