महिन्याचा वायदा
नोड.जेएसच्या ‘सेटटाइमआउट’ला ३० दिवसांनी आठवण करून दे म्हणावं, तर स्वारी मिलिसेकंदात दारात हजर! इथे मुदतीची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद. त्यात पुरते पंचवीस दिवसही बसत नाहीत. त्यापुढे गेलात की मुदत थेट १ मिलिसेकंदावर येते. लॉगमध्ये इशारा उमटतो, पण तो वाचतो कोण? हीच गफलत ‘सेटइंटरव्हल’मध्ये झाली, तर ग्राहकावर स्मरणपत्रांचा नुसता भडिमार. शिवाय सर्व्हर रीस्टार्ट झाला की मेमरीतले सगळे टायमर गायब. म्हणून लांबचे वायदे तारखेनिशी डेटाबेसमध्ये नोंदवावेत आणि ठरावीक वेळाने तपासत राहावेत. टायमरच्या भरवशावर मिनिटं सोडावीत, महिने नव्हेत.