मोकळा कोण आहे?

शेवटची दहा सेकंदं, एका गुणाचा फरक आणि बॉल संघातल्या सगळ्यात भारी पोराच्या हातात. अशा वेळी कुठल्याही शाळेच्या बास्केटबॉल कोर्टाभोवती एकच ओरडा उठतो, ‘तूच मार की रे!’ परवाच्या आंतरशालेय सामन्यातही तो उठला. पोरगा दोन बचावपटूंच्या मधून उडाला, बॉल रिंगच्या कडेवर आपटला आणि बाहेर गेला. डाव्या कोपऱ्यात त्याचाच एक भिडू हात वर करून उभा होता, त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. सामना संपल्यावर जो तो नशिबाला बोल लावत होता. माझ्या मते नशिबाचा इथं काही संबंध नाही. निर्णय चुकला, आणि तो त्या पोरानं एकट्यानं घेतलेला नव्हता.

हिशेब तसा सोपा आहे. समोर एकच बचावपटू असेल तर स्टारनं बेलाशक मारावं, स्टार कशासाठी असतो? पण दोघे अंगावर आले की उरलेल्या चौघांना राखायला तिघेच उरतात. कुणीतरी मोकळा सापडणारच. म्हणजे मारायचं की द्यायचं, हे स्टारच्या मोठेपणावर ठरत नाही, समोरचा बचाव ते ठरवतो.

मायकेल जॉर्डनलाही हे कळायला वेळ लागला. 1984 मध्ये तो शिकागो बुल्सकडे आला, गुणांचा पाऊस पाडू लागला, पण विजेतेपद 1991 पर्यंत हुलकावणी देत राहिलं. त्या वर्षी लेकर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेत, पाचव्या सामन्याच्या टाइमआउटमध्ये प्रशिक्षक फिल जॅक्सन त्याला एकच गोष्ट विचारत राहिले, मोकळा कोण आहे? उत्तर होतं, जॉन पॅक्सन. मग बॉल पॅक्सनकडे जाऊ लागला, त्यानं त्या सामन्यात 20 गुण केले आणि शिकागोनं पहिल्यांदा करंडक उचलला.

पुढं 1997 मध्ये युटाविरुद्धच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात 86-86 अशी बरोबरी होती. जॉर्डनला रोखायला जॉन स्टॉकटन दुसरा म्हणून धावला, जॉर्डननं बॉल स्टीव्ह करला दिला आणि करनं पाच सेकंद शिल्लक असताना तो आत घातला. वर्षभरानं तोच युटा, तोच सहावा सामना. या वेळी दुसरा बचावपटू आलाच नाही. जॉर्डननं स्वतः मारला, 87-86. दोन्ही निर्णय बरोबर होते.

पण तुम्ही म्हणाल, पास दिला आणि भिडूनं घालवला तर? 2007 मध्ये लेब्रॉन जेम्सचं तेच झालं. डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेत पहिल्या सामन्यात त्याचा संघ दोन गुणांनी मागे, शेवटचे काही क्षण. बचाव त्याच्याभोवती गोळा झाला, त्यानं कोपऱ्यातल्या डॉनियल मार्शलला पास दिला. मार्शल चुकला आणि खापर फुटलं लेब्रॉनच्या डोक्यावर. याच मार्शलनं त्याआधीच्या सामन्यात सहा थ्री-पॉइंटर घातले होते, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. आणि तोच लेब्रॉन त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात संघाचे शेवटचे 25 गुण एकट्यानं करून जिंकला.

आपल्याकडं एकहाती पराक्रमाचं वेड जरा जास्तच. क्रिकेटमधले सांगलीच्या विजय हजाऱ्यांचे 309 जुन्या जाणत्यांना तोंडपाठ असतात. 1943 ची पंचरंगी स्पर्धा, अंतिम सामना, ‘रेस्ट’ (इतर धर्मीयांचा संघ) विरुद्ध हिंदू. फॉलोऑननंतर रेस्टच्या 387 धावांत हजाऱ्यांच्या एकट्याच्या 309! मात्र त्या डावात 300 धावांची एक भागीदारी होती आणि पलीकडं होता त्यांचा भाऊ विवेक. त्याच्या धावा 21. क्रिकेटमध्ये सगळे चेंडू एकालाच खेळता येत नाहीत, समोरच्यावर विसंबावंच लागतं. विवेक टिकला म्हणून विजय 309 पर्यंत पोचले. बाकीचे टिकले नाहीत म्हणून एवढं करूनही रेस्ट एक डाव आणि 61 धावांनी हरला.

विश्वास काही शेवटच्या दहा सेकंदांत उगवत नाही. जो पोरगा आख्ख्या सामन्यात बॉलला हात लावल्याशिवाय नुसता इकडून तिकडं पळाला, त्याला शेवटच्या क्षणी पास दिला तर त्याचे हात कापणारच. मग आपणच म्हणतो, ‘बघा, दिला आणि घालवला की!’ स्टारनं का मारलं, हे विचारण्याआधी कोचनं बाकीच्या चौघांना सरावात किती शॉट मारायला लावले, हे विचारायला हवं. आपल्या शाळांत संघ बांधायचा म्हणजे उंच पोरगा शोधायचा आणि बाकीच्यांना त्याला बॉल पुरवायला ठेवायचं, असा खाक्या पडला आहे. तालुक्यापर्यंत तो चालतो. पुढच्या फेरीत दोन उंच पोरं त्याच्या अंगावर येतात आणि आपला संघ घरी येतो.

सरावात दिवसाआड वीस मिनिटांचा एक डाव असा ठेवा की स्टारला शॉट मारायची मुभाच नाही, त्यानं फक्त पास द्यायचा. पहिल्या आठवड्यात धांदल उडेल, पालक कुरकुरतील. कुरकुरू देत. आणि सामन्यात मोकळ्या पोराला दिलेला पास वाया गेला, तरी पास देणाऱ्यावर किंवा घेणाऱ्यावर ओरडा नको. दोघांच्या मधून मारलेला शॉट आत गेला, तरी टाळ्या जरा बेतानंच वाजवाव्यात.