पळस, भोरड्या आणि कुरडया

परीक्षा आणि पळसाचा बहर दरवर्षी एकाच वेळी येतात. यात पळसाचा काही दोष नाही. आमचं मत विचाराल, तर रविवारी सकाळी दोन तास जवळच्या टेकडीवर घालवल्याने कुणाचं गणित बुडत नाही. पळस लांबून पाहून पुढे जाऊ नका. खाली पडलेलं एखादं फूल मुलांच्या हातात द्या: काळपट मखमली बूड, त्यातून निघालेली पोपटाच्या चोचीसारखी केशरी पाकळी. झाडावर भोरड्यांचा दंगा चाललेला असतो. मध्य आशियाकडून हिवाळ्याला आलेले हे पाहुणे एप्रिलमध्ये परत निघण्याआधी मधावर ताव मारून घेतात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कलकलाट एवढा की आजोबांना चष्मा शोधावा लागत नाही.

घरी कैरीची डाळ, पन्हं आणि गच्चीवरच्या कुरडया. राखणीला बसवलेली मुलंच अर्धवट वाळलेल्या कुरडया फस्त करतात (कावळ्यांचं नाव उगाच होतं), तेव्हा चार जास्तच घालाव्यात.

एप्रिलात टेकडीवर जाणार असाल, तर पाणी भरपूर घ्या आणि नऊच्या आत खाली उतरा.