संशय आणि वितंडा

मराठी समीक्षेच्या चर्चाविश्वात गेल्या काही दशकांत एक समजूत रूढ होऊन बसली आहे. ज्ञान हे सत्तेच्या व्यवहारात घडते, म्हणून कोणत्याही प्रस्थापित ज्ञानाविषयी संशय घेणे ही आपोआपच मुक्तिदायी कृती ठरते, अशी ती समजूत. तिचा पूर्वार्ध फूकोप्रभृतींच्या वाचनातून आला. उत्तरार्ध मात्र केवळ वैचारिक आळसातून आला आहे. हवामानबदलाविषयीच्या संशयवादाचा इतिहास तपासला, की या आळसाची किंमत कळते.

‘आयपीसीसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरशासकीय मंडळाचा दुसरा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हवामानावर मानवी व्यवहाराचा ठसा ओळखता येतो, असा निष्कर्ष त्यात होता. संबंधित प्रकरणाचे प्रमुख लेखक बेन सँटर यांनी शास्त्रज्ञांच्या आणि शासनांच्या सूचनांनुसार मसुद्यात बदल केले. मंडळाच्या कार्यपद्धतीला ते धरूनच होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रेडरिक साइट्स या भौतिकशास्त्रज्ञाने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधून मसुदा आणि छापील पाठ यांतील फरकावर बोट ठेवले आणि वाचकांची फसवणूक झाल्याचा आरोप केला. पाठभेद, वगळलेली वाक्ये, संहितेमागील सत्ताहेतू : ही सारी सामग्री समीक्षेच्या वर्गातून उचलल्यासारखी वाटते. साइट्स हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष होते. तसेच १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आर. जे. रेनल्ड्स या तंबाखू कंपनीच्या वैद्यकीय संशोधन कार्यक्रमाचे सल्लागारही होते. धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयी शंका जिवंत ठेवण्याचे तंबाखू उद्योगाचे धोरण पुढे त्या उद्योगाच्याच कागदपत्रांतून उघड झाले.

ब्रूनो लातूर यांनी २००४ साली ‘क्रिटिकल इन्क्वायरी’त समीक्षेची शस्त्रे परक्या हाती गेल्याची खंत मांडली. ती प्रामाणिक होती, पण अपुरी. चोरीला गेलेले शस्त्र नेमके कोणते, हे आधी ठरवावे लागते. न्यायदर्शनाने हा भेद फार पूर्वी केला आहे. तेथे संशय हा सोळा पदार्थांपैकी एक असून त्याचा ओढा निर्णयाकडे असतो. वितंडा मात्र दुसऱ्याचे खंडन करते आणि स्वतःचा पक्ष स्थापन करीत नाही. हवामानाच्या संशयवाद्यांनी पृथ्वी तापतच नाही असे म्हटले. मग तापते, पण निसर्गक्रमाने. मग मानवामुळे, पण निरुपद्रवीपणे. शेवटी उपद्रव मान्य, पण उपाय महाग. एक पक्ष सोडून दुसरा धरताना मागच्याचा हिशोब देण्याची गरज त्यांना भासली नाही. कोळसा आणि तेल जाळणे थांबू नये, एवढा आग्रह मात्र अखेरपर्यंत कायम राहिला.

मग विज्ञानाच्या राजकारणाची चिकित्सा करूच नये काय, असा आक्षेप येईल. तिचा उत्तम नमुना भारतातच आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेच्या आकडेवारीने तापमानवाढीच्या जबाबदारीचा मोठा वाटा भारतासारख्या देशांवर टाकला होता. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’मधून त्या हिशोबातील राजकारण उघडे केले. श्रीमंतांच्या मोटारींचा धूर आणि गरिबांच्या भातखाचरांतील मिथेन एकाच मापाने मोजणे त्यांनी नाकारले. तापमानवाढ नाकारली नाही. पृथ्वीची हे वायू शोषून घेण्याची क्षमता लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावी, असा स्वतःचा पक्ष त्यांनी आकड्यांसह मांडला. याला वाद म्हणतात. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे २००७ च्या अहवालातील विधानही आक्षेपांनंतर जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक म्हणून मान्य केले. तेथे संशय निर्णयापर्यंत पोचला.

‘सर्वच कथने’ असे म्हणून जो समीक्षक अग्रवाल-नारायण आणि साइट्स यांना एकाच पंक्तीस बसवतो, तो सत्तेची चिकित्सा करणाऱ्यांच्याच हातातले बळ काढून घेतो. भातखाचराच्या बाजूने बोलायचे, तर हिशोब खरा की खोटा हे ठरवता येते, असे मानावेच लागते. म्हणून प्रत्येक संशयवाद्याला, मग तो भौतिकशास्त्रज्ञ असो वा समीक्षक, एक साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे : कोणता पुरावा मिळाला असता हा संशय फिटेल? त्याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्या वितंडेला समीक्षेचे नाव देण्याचे कारण नाही.