भाषेचे बटण पुरेसे नाही

पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने उर्दू राहू दिली आणि भाषा धर्माची नसून लोकांची असते, हे स्पष्ट केले. निकालाचे स्वागतच आहे. पण फलकावर दोन-चार शब्द असतात. आज माणूस कार्यालयाची पायरी चढण्याआधी मोबाईलवर संकेतस्थळ उघडतो. खरा प्रश्न तिथे आहे.

हिमायतनगर तालुका तेलंगणाच्या सीमेजवळ. या भागात मराठी, उर्दू, तेलुगू, बंजारा अशा भाषा कानावर पडतात. इथल्या एखाद्या शाळेचे, पतसंस्थेचे किंवा नगरपंचायतीचे संकेतस्थळ अनेक भाषांत करणे आता खर्चिक राहिलेले नाही. आय-एटीन-नेक्स्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी फुकट मिळते. प्रत्येक वाक्याला एक किल्ली द्यायची आणि प्रत्येक भाषेची वेगळी जेसन फाईल ठेवायची. वाचकाने भाषा निवडली की लायब्ररी त्या फाईलमधले वाक्य उचलून दाखवते. उर्दूसाठी पानाची दिशा उजवीकडून डावीकडे करावी लागते, तेही अवघड नाही.

मात्र ही लायब्ररी स्वतः भाषांतर करत नाही. फाईलमध्ये जे लिहिले, तेच ती दाखवते. ते वाक्य कोण लिहिणार? बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर यंत्राकडे टाकून फाईल भरली जाते आणि गडबड तिथे होते.

एक साधे उदाहरण घेऊ. साच्यात 'गावाचे नाव + मध्ये' असे ठरवले, तर 'किनवट मध्ये' कसेबसे चालून जाते. पण हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. तिथे 'वाढोणा मध्ये' असे उमटेल. आपण 'वाढोण्यात' म्हणतो. नाव बदलले की रूप बदलते, हे मराठी बोलणाऱ्याने सांगितल्याशिवाय साच्याला कळत नाही.

ही चूक हसून सोडता येईल. पुढची सोडता येणार नाही. मराठवाड्यातल्या इनामी जमिनींत मदतमाश आणि खिदमतमाश असे दोन प्रकार आहेत. मदतमाश म्हणजे व्यक्तीला निर्वाहासाठी दिलेले इनाम. खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा किंवा मंदिराच्या सेवेच्या अटीवर दिलेले. दोन्हींचे भाषांतर 'अनुदान' असे केले, तर जमीन घरच्यांची की संस्थेची, हा भेदच पुसला जातो. 6 जून 2025 पासून वक्फ मालमत्तांची नोंद उमीद पोर्टलवर सुरू झाली. निजामकालीन मुंतखब हातात घेऊन ऑनलाइन रकाना भरणाऱ्या मुतवल्लीसाठी एका शब्दाची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको.

हैदराबाद संस्थानात 1917 मध्ये दारुत्तर्जुमा स्थापन झाला. उस्मानिया विद्यापीठाची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी जाणकार एकत्र बसून एकेक पारिभाषिक शब्द ठरवत. त्याच संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा आणि मराठवाड्यातल्या मराठी शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा. या दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातल्या आहेत. पहिलीतून मेहनत शिकावी, दुसरीतून सावधपणा. कोणाचीही भाषा वगळली की तो माणूस मध्यस्थाच्या हातात जातो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. मूळ मजकूर मराठीत लिहावा आणि एखादे भाषांतर नसेल तेव्हा इंग्रजीऐवजी मराठी दिसेल, अशी सोय लायब्ररीत करून ठेवावी. जमीन, वारसा, शिष्यवृत्ती यांच्या शब्दांची यादी गावातल्या जाणत्या माणसांकडून तपासून घ्यावी. आणि प्रत्येक भाषेच्या फाईलला एक जबाबदार माणूस असावा, ज्याला चूक दाखवता येईल. मराठी आणि उर्दू दोन्ही येणारी कितीतरी शिकलेली मुले-मुली आपल्या घरांत आहेत. या कामासाठी त्यांच्याइतके योग्य कोण आहे?