रुपेरी पडद्यावरचे सुरुंग

डिसेंबर २०२२ मध्ये 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवकालीन महालाच्या झुंबरात विजेचे दिवे लुकलुकताना प्रेक्षकांना दिसले. नेसरीचा रणसंग्राम १६७४ चा, एडिसनचा दिवा १८७९ चा! साहजिकच थट्टेला ऊत आला.

वस्तुतः अशा चुकांचा बाऊ करण्याचे कारण नाही. डाव्या गालावरची जखम पुढच्या दृश्यात उजव्या गालावर जाते, चिखलात लोळलेला स्वार क्षणार्धात परीटघडीचा अंगरखा घालून दरबारात उभा राहतो. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होते, म्हणून हे घडते. शाळकरी पोरेही ते पकडतात आणि पकडलेली चूक कोणाला फसवीत नाही. चिंता आहे ती न पकडल्या जाणाऱ्या चुकांची. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) वर गदारोळ उठला तो काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नाचावर. त्याच बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेडला निजामाला मोठी लढाई न देता, केवळ वेगवान हालचालींनी व रसदपाणी तोडून जेरीस आणले, याची आठवण त्या गदारोळात कितीजणांना झाली?

पापडीपासून वसईचा किल्ला फार दूर नाही. त्याच्या मोहिमेवर उद्या चित्रपट निघाला तर काय दिसेल? आज छप्पर उडालेल्या चर्चच्या ज्या भिंती उभ्या आहेत, त्याच १७३९ च्या नांदत्या शहराचे नेपथ्य म्हणून वापरल्या जातील. नायक एकटाच तट चढेल. प्रत्यक्षात फेब्रुवारी ते मे असा वेढा चालला आणि निकाल लागला तो सेंट सेबास्टियन बुरुजाखाली खणलेल्या सुरुंगांनी. त्यातही एक सुरुंग उशिरा उडाला आणि खिंडारातून आत घुसणारे मराठेच त्यात शेकड्यांनी गारद झाले. हे शौर्य घामाने आणि मातीने माखलेले आहे. पण ते संथ आहे, म्हणून पडद्याला नको असते.

पुढचा भाग तर याहून नाजूक आहे. तहानुसार पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत सन्मानाने बाहेर पडली. पोर्तुगीज गेले, येथील ख्रिस्ती शेतकरी मात्र राहिले, कारण ते परके नव्हतेच. त्यांच्या घरांत सामवेदी आणि वाडवळी या मराठीच्याच कुळातील बोली बोलल्या जातात. क्रूस दिसला की शत्रू, असे सोपे समीकरण मांडणारा चित्रपट पाहून दुसऱ्या दिवशी पापडीच्या एखाद्या वर्गात मुले शेजारच्या बाकावरील मुलाकडे कोणत्या नजरेने पाहतील? 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' ही आरंभीची पाटी तोवर विस्मरणात गेलेली असते.

निर्मात्यांना कल्पनास्वातंत्र्य असावे, याबद्दल वाद नाही. परंतु तलवारबाजी शिकवणाऱ्याला सेटवर जेवढा अधिकार मिळतो तेवढा इतिहासाच्या जाणकाराला मिळावा आणि संहिता पक्की होण्यापूर्वीच मिळावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. एका लढाईच्या दृश्यावर होणाऱ्या खर्चापुढे त्याचे मानधन ते किती असणार!