केळीला कोल्ड स्टोरेज आहे, किमोच्या इंजेक्शनाला का नाही?

सावद्यात माझं मेडिकल आहे. वैशाखात पारा 45च्या आसपास असताना थर्माकोलचा डबा घेऊन कुणी पायरी चढलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. डब्यात बहुधा फिलग्रास्टिम असतं. पेशंट मुंबईहून किमो घेऊन परतलेला, पुढची इंजेक्शनं गावीच घ्यायची. आईसपॅक लुळा पडलेला, खोक्याचा पुठ्ठा भिजलेला. "भाऊ, बर्फाचं तर पाणी झालं. आता हे चालेल का?"

काय सांगणार? हे औषध म्हणजे आपल्याच शरीरातल्या एका निरोप्या प्रथिनाची नक्कल. जी-सीएसएफ हे त्याचं नाव. पांढऱ्या पेशी वाढवा, असा निरोप ते अस्थिमज्जेला देतं. किमोने या पेशी ढासळतात, मग साधा संसर्गही जिवावर बेततो. 175 अमिनो आम्लांची ही साखळी जिवाणूंकडून तयार करून घेतात, डॉ. रेड्डीजने 2001मध्ये ती भारतात बाजारात आणली. पण तिची घडी नाजूक. 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. उन्हात ती बिघडली तरी सिरिंजमधलं पाणी नितळच दिसू शकतं. डोळ्यांनी पाहून मला काही कळत नाही. शंका असेल तर नवं घ्या, एवढंच म्हणतो. तो खर्च पुन्हा त्याच घरावर पडतो, आणि हे मला मुळीच सोसवत नाही.

याच सावद्याच्या स्टेशनातून केळी दिल्लीला जाते. ती 13-14 अंशांवर ठेवायची, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यासाठी कोल्ड स्टोरेज उभी राहिली, रीफर कंटेनर आले. योग्यच झालं, आमचा रावेर तालुका केळीवर जगतो. माणसाच्या औषधाला मात्र थर्माकोलचा डबा.

आरोग्य केंद्रात लसींसाठी आयएलआर नावाचा खास फ्रिज असतो. लाईट गेली तरी तो बराच वेळ थंड राहतो. त्यात लसींखेरीज दुसरं औषध ठेवायला मनाई आहे आणि ती बरोबरच आहे, सारखी उघडझाप झाली तर लसी खराब होतील. म्हणून दुसरा फ्रिज द्या. इन्व्हर्टरवर चालणारा, रोज तापमानाची नोंद होणारा. इंजेक्शन तिथेच ठेवावं, तिथल्याच सिस्टरने टोचावं. इन्सुलिनचीही सोय होईल. फिलग्रास्टिम 2015पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ही काही चैन नाही.

जिल्हा नियोजन समितीने पुढच्या उन्हाळ्याआधी रावेर-यावलच्या सरकारी रुग्णालयांपासून सुरुवात करावी. आणि मुंबईच्या डॉक्टरांनी पेशंटला गावी पाठवताना इंजेक्शन कुठे ठेवायचं, कुठे टोचून घ्यायचं, हे चिठ्ठीवर लिहून द्यावं.